नाकाची नोकरी

पॅरिशने मला ठेवलं ते नाकासाठी.
हात हेझकायाचे, नाक माझं.
आठवड्याला दोघांत मिळून सव्वीस शिलिंग,
त्यातले पंधरा त्याचे,
कारण शिड्या तो चढतो.

रीत अशी:
तो एकटा छपरावर जातो,
संडासाच्या नळाच्या वरच्या तोंडाशी,
कोटातून निळी कुपी काढतो, पेपरमिंटच्या अर्काची,
ओततो, मागोमाग बादलीभर कढत पाणी,
आणि बसून राहतो तिथेच धुराड्यांमध्ये, पाय हलवत.
खाली यायचं नाही त्याने.
बोटांना वास असतो. तो दारात आला
की धडधाकट घरही आरोपी.

मी तळघरात, गुडघ्यांवर,
फरशीचा सांधा न् सांधा हुंगत.
काही आलं नाही, तर नळ शाबूत.
आलं, तर ज्या फटीतून पेपरमिंट येतं
तिथूनच रोज रात्री दुसरंही येतं काही,
जे कुपीत भरून कुणी आणत नाही.

रस्त्याखालचा मोठा नाला चांगला आहे.
तो बांधताना मी पाहिलाय.
सायलस ऑर्चर्ड, गवंडी, भुवयांत चुना,
म्हणाला, अंड्यासारखा बांधतो आम्ही, निमुळतं टोक खाली.
पाणी कमी असलं तरी अरुंदात धावतं,
धावलं की गाळ ओढून नेतं;
सपाट तळ मिळाला की तेही आळसावतं, माझ्या मेहुण्यासारखं.
एकेक वीट थापीच्या मुठीने ठोकून
कान लावायचा.
कोण बघणार आहे ही वीट, मी विचारलं.
उंदीर, म्हणाला.

दर गुरुवारी मध्यरात्री आत उतरतात झडप उघडणारे,
मांडीपर्यंत बूट, छातीला कंदील.
तुंबवून ठेवलेलं पाणी सोडतात,
झोपलेल्या पॅरिशखालून ते गडगडत जातं,
आणि म्हातारा एमॉस ट्राइब वर आल्यावर
आधी माणसं मोजतो, मग पाइप पेटवतो.

पण नाल्यापासून घरापर्यंतचे अकरा फूट
घरमालकाचे.

टॅलो लेन, नंबर नऊ, मालक मिस्टर स्लेड,
पॅरिशच्या सभेत करवाढीविरुद्ध बोलतात,
अत्तराचा रुमाल, नाकाने कांदे सोलणारा आवाज.
त्यांच्या तळघरात केझाया ब्रँड, धोबीण,
मार्चमध्ये मुलगा तापात गेला,
आता एक टॅम्सिन, सहा वर्षांची.

हेझकायाने वरून ओतलं.
मी अजून वाकलोही नव्हतो
तोच पोरगी अंथरुणात उठून बसली:
आई, गोळ्या! कुणीतरी गोळ्या आणल्यात!
आणि माझ्या खिशाकडे बघू लागली.
केझायानेही श्वास घेतला, पुरता,
खोल, इस्त्री हातात तशीच धरून.
त्या खोलीला चांगला वास
बहुधा पहिल्यांदाच येत होता.

मी वहीत लिहिलं: सदोष.

मग कोपऱ्यावरच्या दुकानातून
अर्ध्या पेनीच्या पेपरमिंटच्या गोळ्या आणल्या.
गाढवा, हेझकाया म्हणाला,
आता तुझ्या हातांना वास.
उरलेली चार घरं बुडाली त्या दिवशी,
पैसे कापले दोघांचेही.
तो शनिवारपर्यंत बोलला नाही माझ्याशी.

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.
नोटीस गेली, मग दुसरी, मग दंड,
ऑक्टोबरात नवा नळ बसला, सांधे सिमेंटचे.

फेरतपासणीला गेलो.
टॅम्सिन आधीच फरशीवर, माझ्याशेजारी गुडघे टेकून,
डोळे मिटून, नाक सांध्याला लावून.
वर हेझकायाने बादली रिकामी केली,
भिंतीतून पाणी उतरताना ऐकू आलं.
आम्ही दोघं हुंगत राहिलो.
पुन्हा ओता ना, ती म्हणाली.
मी शिडीखालून हाक दिली, त्याने पुन्हा ओतलं,
अख्खी कुपी.

काहीच येत नाही, ती म्हणाली,
ओठ काढून, रडायच्या बेतात.

काहीच नाही, मी लिहिलं,
आणि खाली सही केली.